काझीगुंडची रात्र: मराठवाड्यातल्या एका ट्रकची हिवाळी तयारी

मराठवाड्यातल्या एका आयटीआयमध्ये मी डिझेल मेकॅनिक ट्रेड शिकवतो. दरवर्षी डिसेंबरात थंडीतल्या स्टार्टिंगचा धडा येतो आणि पोरं खिडकीतून बाहेरचं ऊन बघत बसतात. त्यांचंही चुकत नाही. परभणीचा पारा एखाद्या वर्षी चार-पाच अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते. कारखान्याच्या यार्डात उभे उसाचे ट्रक पहाटे दोन-चारदा खोकतात आणि चालू होतात. तेवढ्यावर आपली थंडी संपते. खाली लिहिलेलं प्रकरण या धड्यासाठी मी वापरतो. गाडी खरी, माणसं खरी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

गाडी दहा चाकी, २०१९ ची, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं तेव्हाचं मानक), कॉमन रेल इंजिन (एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरना जास्त दाबानं डिझेल देणारं), २४ व्होल्टची. मालक हळदीच्या पट्ट्यातले, वसमतच्या बाजूचे. दोन ट्रक, त्यातला हा धाकटा. चालक पन्नाशी ओलांडलेले. मालकासकट सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून इथंही मामाच. सोबतीला क्लीनर, मामांचा भाचा.

ही गाडी एरवी हळद घेऊन दिल्ली किंवा पंजाबपर्यंत जायची. त्या वर्षी डिसेंबरात मालकांना हळदीचंच श्रीनगरचं भाडं मिळालं आणि परतीला कोल्ड स्टोरेजमधलं सफरचंद. दोन्ही बाजूंनी भरलेली गाडी म्हटल्यावर मालकांनी फार विचार केला नाही. नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला ४४ क्रमांकाच्या महामार्गाला लागायचं. तिथून सागर, झाशी, आग्रा, दिल्ली, अंबाला, पठाणकोट, जम्मू. पुढं उधमपूर, चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा, रामबन, बनिहाल, नवयुग बोगदा, आणि बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी काझीगुंड. मामा जम्मूपर्यंत आधी गेले होते. बोगद्यापलीकडे कधीच नाही.

निघण्यापूर्वी गाडीची काय तयारी झाली, हे मी नंतर खोदून विचारलं. टायर बघितले, ताडपत्री बदलली, ग्रीसिंग केलं, दोन जाड रजया घेतल्या. माणसांची थंडी आठवली होती, गाडीची नाही.

पहिली फेरी

अंबाल्याच्या अलीकडे मामांनी टाकी गळ्यापर्यंत भरली. हरियाणात डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं, उत्तरेला जाणारा आपला प्रत्येक चालक तिथं भरतोच. टाकी चारशे लिटरची. काझीगुंडला पोचले तेव्हा दोनशेच्या वर शिल्लक होतं. रात्रीचे अकरा वाजले होते. सकाळी मंडीत लागायचं म्हणून एका ढाब्यापाशी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि रजया ओढल्या. क्लीनरच्या मोबाइलवर उणे पाच दिसत होतं.

पहाटे पावणेसहाला मला फोन आला. भाचा आमचा जुना विद्यार्थी, म्हणून माझा नंबर.

"सर, सेल्फ घुमायलाय, पण गाडी उचलेना."

मी विचारलं, बॅटरी कशी आहे? आता सेल्फही मंद झालाय म्हणाला. किती वेळा मारला? मागून मामांचा आवाज आला, "लई येळा मारला." वीसेक तरी असावेत. मी सांगितलं, थांबा, शेजारच्या गाडीवरून बूस्टर घ्या. एका पंजाबी ट्रकवाल्यानं केबल लावून दिली. २४ ला २४ व्होल्ट, प्लसला प्लस, नीट. सेल्फ फणफणून फिरला. गाडी उचललीच नाही. पाच-सहा प्रयत्नांनंतर त्या भल्या माणसानं आपली केबल काढून घेतली आणि तो निघून गेला.

यात पाऊण तास गेला. मग कुठं मी जो प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता तो विचारला: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?

"न्हाई सर. जराबी न्हाई."

डिझेल इंजिन थंडीत का चालू होत नाही याची पहिली फोड धुरावर होते. पांढरा धूर निघतोय आणि गाडी उचलत नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा डिझेल पेटवण्याइतकी तापत नाही: सेल्फ मंद, हवेचा हीटर बंद, कॉम्प्रेशन (हवेवरचा दाब) कमी, यातलं काहीतरी. धूरच नाही, तर डिझेल आतच जात नाही. वर्गात हे मी फळ्यावर लिहितो. फोनवर, झोपेतून उठून, विसरलो.

क्लीनरला डिझेल फिल्टरखालच्या, पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरची काच बघायला लावली. टॉर्च मारून तो म्हणाला, "सर, थंडीत खोबरेल तेलाची बाटली होती तसं झालंय."

याच्यापेक्षा नेमकं वर्णन मला करता आलं नसतं. डिझेलमध्ये मेण असतं, तेलात विरघळलेलं. तापमान उतरलं की त्याचे बारीक कण धरू लागतात, डिझेल गढूळ होतं आणि ते कण फिल्टरच्या कागदावर साचतात. टाकीतलं सगळं डिझेल घट्ट व्हायची गरज नसते. टाकीत ते ओतता येईल इतकं पातळ असतं, तरी फिल्टर बंद झालेला असतो. भारतीय मानकात यासाठी एक मर्यादा ठरवलेली आहे: ज्या तापमानाला डिझेल फिल्टरमधून जाईनासं होतं ते तापमान उन्हाळी डिझेलला जास्तीत जास्त १८ अंश आणि हिवाळी डिझेलला जास्तीत जास्त ६ अंश सेल्सिअस. हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. प्रत्यक्ष डिझेल बऱ्याचदा या मर्यादेपेक्षा बरं निघतं, पण अंबाल्याचं हिवाळी डिझेल उणे पाचात वाहीलच अशी हमी त्यात नाही.

(जाता जाता: १८ चा आकडा आपल्याकडच्या लोकांनीही लक्षात ठेवावा. सप्टेंबरात भरून ठेवलेलं बॅरलमधलं डिझेल डिसेंबरात पहाटे ट्रॅक्टरला घातलं आणि ट्रॅक्टर दोन मिनिटं चालून बंद पडला, अशी एक तक्रार तरी दरवर्षी माझ्याकडे येते. लोक पंप खोलून बसतात.)

आग लावायची का?

इथं पहिला खरा निर्णय होता, आणि तो मामांना घ्यायचा होता. ढाब्यावरच्या एका चालकानं चिंध्या डिझेलमध्ये भिजवून टाकीखाली पेटवायची तयारी केली. ही पद्धत डोंगरी रस्त्यांवर सर्रास चालते. मामांनीही तरुणपणी जुन्या गाडीला केली होती. मी नको म्हणालो, पण फोनवरचा माणूस नको म्हणतो आणि समोरचा काडी ओढायला तयार असतो, तेव्हा फोनवाल्याचं वजन किती?

मामांनी नको म्हटलं ते माझ्यामुळं नाही. गाडीखाली वाकून बघितल्यावर त्यांना दिसलं की टाकीजवळून वायरिंगचा जुडगा आणि प्लास्टिकच्या डिझेल नळ्या जातात. जुन्या गाडीला तांब्याच्या नळ्या होत्या. "ही जळाली तर गाडीबी जाईल आन् हळदबी," एवढंच बोलले. आपल्या मानकात डिझेलचा भडकबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते तो, कमीत कमी ३५ अंश धरलाय, म्हणजे टाकीचा बूड तापवायला लागलं की धोक्याचं अंतर फार उरत नाही. आणि मेण अडकलंय फिल्टरमध्ये, तर टाकीखालच्या आगीचा फिल्टरला उपयोग काय?

मग ढाब्यावरून उकळतं पाणी आणलं. फिल्टरला आणि टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळीला टॉवेल गुंडाळले आणि त्यावर पाणी ओतत राहिले, इलेक्ट्रिकल कनेक्टर सांभाळून. गाडीत एक नवा फिल्टर होता, हे नशीब. तो बसवला, हँड पंप मारून एअर काढली. दीड तास लागला. दरम्यान बॅटऱ्या अर्ध्यामुर्ध्या सावरल्या होत्या, तरी पुन्हा बूस्टर लागलाच. नऊ वाजून वीस मिनिटांनी गाडी चालू झाली, पांढऱ्या धुराचा लोट आणि हातोड्यासारखा आवाज काढत.

माल दुपारी उतरला. व्यापाऱ्यानं उशिराचे पैसे कापले. परतताना सेल्फ घसरत होता, दिल्लीत त्याचे कार्बन ब्रश बदलावे लागले.

गाडी परत आल्यावर काय सापडलं

मालकांचं मत सरळ होतं: डिझेल गोठलं, त्याचा इलाज सांगा. मी म्हटलं, डिझेल तर गोठलंच. पण बॅटरी वीस सेल्फांत बसली कशी? चांगली बॅटरी उणे पाचात एवढी लगेच हात टेकत नाही. गाडी एक दिवस शेडमध्ये ठेवून घेतली आणि पोरांना कामाला लावलं.

आधी बॅटऱ्या. दोन १२ व्होल्टच्या, सिरीजमध्ये. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला तर एकीत सगळ्या सेलमध्ये १.२४ च्या आसपास, दुसरीत १.२०, आणि एका सेलमध्ये १.१६. पूर्ण चार्ज बॅटरीत १.२६ ते १.२८ हवं. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, मग एकच का खचली? उत्तर केबिनमध्ये होतं. टेप, निळ्या एलईडी माळा, मोबाइल चार्जर आणि पंखा या सगळ्यांसाठी १२ व्होल्ट लागतात, म्हणून कुणीतरी एकाच बॅटरीवरून तार ओढली होती. ती बॅटरी रोज थोडी उतरते, अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो, त्यात दुसरी जादा चार्ज होते आणि ही कायम उपाशी. आपल्या भागातल्या दहा सजवलेल्या ट्रकांपैकी किती असे निघतील, हे मोजायचं धाडस मी केलेलं नाही.

मग अर्थची केबल. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरला. अर्धा व्होल्टच्या आत असायला हवं, १.१ दिसलं. केबल चासीला जिथं बोल्टनं आवळलीय तिथं पांढरं-हिरवं फूल आलं होतं.

इनटेक हीटर. इंजिनात जाणारी हवा थंडीत तापवायला या गाडीला जाळीचा हीटर आहे. चावी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारख्या खुणेचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. मामा म्हणाले, तो दिवा मी कधी बघितलाच नाही. बघणार कसा? हीटरची जाड तार काढून टेप मारून ठेवली होती. जुन्या मिस्त्रीनं. बॅटरी खातो आणि आपल्याकडं काय कामाचा, म्हणून.

थर्मोस्टॅट. नाहीच. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून व्हॉल्व्ह काढून टाकलेला. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि थंड मुलखात इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही.

इंजिन ऑइल. कंपनीनं १५डब्ल्यू-४० सांगितलंय. दोनदा टॉप-अप झालं होतं ते जाड २०डब्ल्यू-५० नं, "उन्हात पातळ होतं" म्हणून. एकट्या ऑइलनं गाडी अडली नसती, पण अशक्त बॅटरीला जाड ऑइलातून क्रँक फिरवायला लावणं म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर पोतं देणं.

आणि कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं न गोठणारं पाणी. हे सापडलं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो. उन्हाळाभर बोअरचं पाणी घालून घालून कूलंट इतकं पातळ झालं होतं की रिफ्रॅक्टोमीटरवर गोठणबिंदू उणे तीन दिसत होता. अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठतं. हे उणे तीनला गोठायला लागणार होतं आणि बाहेर उणे पाच होतं. गाडी अकराला बंद केली, तेवढ्या लोखंडात उष्णता पहाटेपर्यंत टिकली म्हणून ब्लॉक वाचला. आणखी दोन अंश किंवा आणखी एक रात्र, आणि हे प्रकरण इंजिनच्या बिलाचं झालं असतं. चालू न होणारी गाडी ढाब्यापाशी दिसते, शिव्या खाते. तडकणारा ब्लॉक आवाज करत नाही.

या यादीतली एकही गोष्ट मराठवाड्यात गाडीला अडवत नव्हती. थर्मोस्टॅट, हीटर, कूलंट: प्रत्येक वेळी कुणीतरी "आपल्याकडं याचं काय काम" म्हणून काहीतरी कमी केलं, आणि आपल्याकडे ते खरंही होतं.

पुढचे पर्याय

जानेवारीच्या मध्याला दुसरी फेरी ठरत होती. म्हणजे चिल्ले कलान, २१ डिसेंबरपासूनचे काश्मिरातले सर्वात कडक चाळीस दिवस. मालक, मामा आणि मी शेडमध्ये चहा घेत बसलो.

फेरीच नको, हा माझा पहिला सल्ला. मालकांनी हसून टाळला. परतीच्या सफरचंदाचं भाडं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

रात्रभर इंजिन चालू ठेवायचं, हा मामांचा. बरेच चालक तेच करतात. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं, आणि आयडलवर इंजिन तापत नाही, डिझेल अर्धवट जळून कार्बन धरतं. मला काळजी दुसरी होती. बंद केबिन, खाली चालू इंजिन, आणि सायलेन्सरच्या सांध्यातून गळती असेल तर? मामा वर म्हणाले की ढाब्यावाल्यानं मागच्या वेळी कांगडी देऊ केली होती, ती केबिनमध्ये ठेवता येईल. तिथं मी आवाज चढवला. कोळशाची शेगडी बंद केबिनमध्ये म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं, हा मालकांचा. जुन्या इंजिनांच्या काळातला सल्ला, आणि रॉकेलनं मेण थोडं उशिरा धरतं हे खरं. पण कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रॉकेल कोरडं, पंप घासतो. तो पंप गेला की बॅटऱ्यांचे पैसे वाचवल्याचं समाधान राहत नाही. शिवाय भेसळ ती भेसळ, रस्त्यात कुणी नमुना घेतला तर उत्तर काय देणार?

लडाखचं डिझेल आणायचं, हाही मालकांचाच. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं पानिपतच्या रिफायनरीतून उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल काढलं, ती बातमी त्यांनी वाचली होती. ते लडाखसाठी. वाटेतल्या पंपावर ते मागून मिळणार नव्हतं.

दिल्लीत बसवून मिळणारा डिझेल टाकीचा हीटर. मालकांचा ओढा इकडे होता. एकच वस्तू घ्यायची, एकदाच पैसे द्यायचे, विषय संपला. मी त्याच्या विरोधात नव्हतो, पण तो वीज खातो, आणि आपली वीज कशी होती ते आत्ताच बघितलेलं.

शेवटी वाद राहिला तो पैशांच्या क्रमाचा. मालक म्हणाले, हीटर आधी, बॅटऱ्या जुन्याच चार्ज करून चालवू. मी म्हटलं, उलटं करा. तासभर घासाघीस झाली. मामा मध्येच म्हणाले, "मालक, मागल्या येळला हीटर असता तरी गाडी बोलली नसती. सेल्फच मेलता." त्यावर मालक थांबले.

काय केलं

दोन्ही बॅटऱ्या नव्या, एकाच कंपनीच्या, एकाच तारखेच्या. टेप आणि माळांसाठी २४ ला १२ करणारा कन्व्हर्टर, म्हणजे भार दोघींवर सारखा. अर्थच्या केबलचं टोक नवं, चासी घासून, वर ग्रीस. सेल्फ मारताना आता साडेवीस व्होल्ट राहत होते. १९ च्या खाली जाऊ नयेत.

इनटेक हीटरची तार जागेवर. नवा थर्मोस्टॅट. रेडिएटर धुऊन तयार कूलंट भरलं. ऑइल पूर्ण बदलून १५डब्ल्यू-४०. सगळा खर्च पस्तीस हजारांच्या आत बसला. टाकीचा हीटर घेतला नाही.

डिझेलसाठी दोन गोष्टी ठरल्या. मेण न धरू देणारं औषध, चालक त्याला अँटी-जेल म्हणतात, ते जम्मूत घालायचं, डिझेल उबदार असताना आणि टाकी भरण्याआधी, म्हणजे भरताना घुसळून निघेल. एकदा धरलेलं मेण हे औषध विरघळवत नाही. काझीगुंडला जाऊन घातलं तर पैसे टाकीत गेले. दुसरं, वॉटर सेपरेटर निघताना आणि जम्मूत रिकामा करायचा. पाण्याचा थेंबही गोठून वाट अडवतो. दोन फिल्टर सोबत, केबिनमध्ये, रजईच्या पेटीत.

मामांना सेल्फ मारायची शिस्त लिहून दिली. दिवा विझेपर्यंत थांबणं, थंडीत दोनदा चावी फिरवून हीटरला दोन फेऱ्या देणं. क्लच दाबूनच सेल्फ, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल ओढावं लागत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती. गाडी लवकर उचलावी म्हणून इनटेकमध्ये मारतात तो ईथरच्या स्प्रेचा डबा अजिबात नाही, कारण आत तापलेली जाळी आहे आणि ईथर तिच्यावर पडला तर इनटेकच फुटायचा. तीन प्रयत्नांत नाही झाली तर धूर बघून मला फोन.

डीईएफचं, म्हणजे सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रावणाचं, बोललो ते जाता जाता. मामा त्याला युरियाच म्हणतात. ते उणे ११ ला गोठतं. गोठलं तरी गाडी चालू होते आणि इंजिन तापलं की वितळतं, फक्त टाकी काठोकाठ भरू नका, गोठताना फुगतं.

दुसरी फेरी

रामबनला दरड कोसळली होती, म्हणून गाडी उधमपूरला दोन दिवस थांबली. हे एका अर्थी बरं झालं. उधमपूर बरंच खाली, तिथं थंडी काझीगुंडसारखी नाही, आणि मामांनी तिथूनच भाच्याकडून मला सेपरेटरच्या काचेचा फोटो पाठवला. डिझेल स्वच्छ, पिवळट.

काझीगुंडला रात्र काढावी लागलीच. मोबाइलवर उणे सात. सकाळी दुसऱ्या सेल्फला गाडी उचलली. भाच्यानं व्हिडिओ पाठवला, धूर पांढरा, पण अर्ध्या मिनिटात साफ.

आणि गाडी हलेना.

मागची दोन चाकं ब्रेकला धरून बसली होती. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. त्या हवेच्या टाक्यांत साचलेलं पाणी कित्येक महिन्यांत काढलेलं नव्हतं, हवेतली ओल टिपणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज मेलेलं होतं. नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये ओल गोठली, किंवा ब्रेकचे ओले लायनर ड्रमला चिकटले, काय ते नक्की सांगता येत नाही, बहुधा दोन्ही. इंजिन चालू, हवा आठ किलो भरलेली, आणि गाडी जागेवर गुरगुरतेय. ढाब्यावालाच पुन्हा गरम पाणी घेऊन आला. म्हणे, "फिर तुम?" तासभर लागला. यावेळी व्यापाऱ्यानं पैसे कापले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

ब्रेकची चूक माझी. मी "गाडी चालू होत नाही" एवढाच प्रश्न घेऊन बसलो आणि त्याच्या भोवती शेड रिकामी केली. टाक्यांचे कॉक उघडून पाणी सोडायला पाच मिनिटं लागतात. रात्री सपाट जागा असेल तर चाकांना लाकडी ठोकळे लावून पार्किंग ब्रेक मोकळा ठेवायचा, हेही सांगायला हवं होतं. आता आमच्या तपासणीच्या कागदावर बॅटरीच्या खाली दुसरीच ओळ हवेच्या टाक्यांची आहे.

पहिल्या रात्री फोनवर धुराचा प्रश्न आधी विचारला असता तर बॅटऱ्या, सेल्फचे ब्रश आणि त्या पंजाबी चालकाचा पाऊण तास वाचला असता. एका बिघाडानं दुसरा झाकला. मेणानं फिल्टर बंद, म्हणून सेल्फ मारत राहिले, म्हणून बॅटरी बसली, आणि मला आधी ऐकू आली ती बॅटरी.

मालकांच्या बाजूनं म्हणाल तर निर्णय पहिल्या फेरीच्या आधीच चुकला. श्रीनगरचं भाडं ठरलं तेव्हा कूलंटचं एक माप आणि बॅटरीचं एक माप, एवढं जरी केलं असतं तरी बाकीचं आपोआप बाहेर आलं असतं. ही दोन मापं अर्ध्या तासाची आहेत. मामांनी टाकी अंबाल्याला भरली त्याला मी चूक म्हणणार नाही. जम्मूपर्यंत पुरेल एवढंच भरून तिथं औषधासकट भरायला हवं होतं, पण हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

टाकीचा हीटर घेतला नाही यावर मालक आणि मी अजून भांडतो. ते म्हणतात, उणे सातला निभावलं, उणे बाराला काय? तिथं मात्र माझ्याकडे औषधाची बाटली आणि गरम पाण्याची किटली यापलीकडे उत्तर नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांना लडाखमधल्या, याहून कितीतरी थंड द्रासकडे जायचं असेल तर हीटर लागेल, असं मी कबूल केलं आहे.

एप्रिलात ती गाडी पुन्हा शेडला आली. नांदेडच्या उन्हात तापत होती. एका गॅरेजवाल्यानं नवा थर्मोस्टॅट काढून मामांच्या हातात दिला होता. मामांनी तो डिझेलमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून केबिनच्या खणात ठेवला होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, हा बसवा आन् मग सांगा गाडी काऊन तापायली." रेडिएटर खोलला. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी निम्म्या नळ्या बुजल्या होत्या, हिवाळ्यातल्या धुण्यानं त्या सुटल्याच नव्हत्या. कोअर बदलला, थर्मोस्टॅट परत बसवला.